भुऱ्याचे अठ्ठावीस दिवस

२०१९ च्या जुलैचे शेवटचे दिवस होते. पावसाने ओढ दिली होती. वावरातलं सोयाबीन दुपारी माना टाकायचं आणि सकाळी पुन्हा उभं व्हायचं. मी निवृत्त होऊन पातुरात राहायला आलो त्याला वर्ष झालं होतं. निवृत्त मास्तराला सकाळी फिरण्याशिवाय दुसरं काम नसतं, म्हणून मी रोज वाशीमच्या रस्त्याने घाटाच्या दिशेला जाऊन परत येत असे. त्या दिवशी एका बंद टपरीच्या मागे एक भुरकं कुत्रं पडलेलं दिसलं. नाकातून रक्ताची बारीक धार येऊन मातीत वाळली होती. ट्रकने उडवलं असेल, असं वाटलं. या रस्त्यावर असं एखादं नेहमीच पडलेलं दिसतं, आणि जाणारा माणूस बाजूने निघून जातो.

मीही निघून गेलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला मी मोठा भूतदयावाला वाटेन. तसा मी नाही. पाऊण तासाने परत आलो तेव्हा ते तिथेच होतं. माझ्या चपलेचा आवाज ऐकून त्याने शेपटी हलवली. म्हणजे सगळी नाही, नुसतं टोक. वाकून पाहिलं तर अंगावर कुठे मार नव्हता, हाड मोडलेलं नव्हतं. पण दोन्ही कान आतून गोचिडींनी भरले होते, रक्त पिऊन टम्म झालेल्या, एरंडाच्या बियांसारख्या. (लॅटिन भाषेत गोचीड आणि एरंड दोघांना एकच शब्द आहे. ज्याने तो शब्द ठेवला त्याने दोन्ही गोष्टी नीट पाहिल्या असणार.) खांद्यावरचा दुपट्टा त्याच्याभोवती गुंडाळला आणि उचललं. दिसायला मोठं कुत्रं, पण वजन दहा-बारा किलोच्या वर नव्हतं.

माय ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती.

"काय आणलं हे?"

"कुत्रं हाय. बिमार हाय."

"दिसते मले. घरात आणू नको, गोठ्यात ठेव. मेलं त संध्याकायी नेऊन टाकजो."

ती ७८ वर्षांची होती आणि मरणाबद्दल असंच बोलायची, भाजीच्या भावाबद्दल बोलावं तसं. गोठा तेव्हा रिकामाच होता. बाबा गेल्यावर शेवटची गाय तिने भाचीच्या घरी पाठवून दिली होती. तेव्हापासून तिथे गोवऱ्या, मोडकी खाट आणि एक वखर एवढंच पडलं होतं.

ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दुपारी आले. त्यांनी पहिल्यांदा कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. कागदासारख्या पांढऱ्या. "मास्तर, हा मार नाही. गोचीड-ताप दिसतोय," ते म्हणाले. मला तोवर गोचीड म्हणजे ढोराचं रक्त पिणारा किडा एवढंच माहीत होतं. पण ती चावताना एक सूक्ष्म जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते, एर्लिकिया त्याचं नाव. तो पांढऱ्या पेशींत घर करतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी कमी होत जातात, आणि मग कुठे जखम नसताना नाकातून रक्त यायला लागतं. आपण म्हणतो, कुणीतरी विष घातलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि सांगितलं की उद्या अकोल्याला नेऊन रक्त तपासा.

अकोला तीस-बत्तीस किलोमीटर. कुत्रं घेऊन एसटीत कोण बसू देणार? एका ऑटोवाल्याने पाहूनच मान हलवली. शेवटी पहाटे भाजी घेऊन बाजारात जाणाऱ्या एका पोराला विचारलं. त्याचा छोटा हत्ती होता. "ठेवा ना सर, वांग्याच्या कट्ट्याजवय जागा हाय," तो म्हणाला आणि वरून एक रिकामं पोतंही टाकलं. परत येताना भाडं विचारलं तर म्हणाला, "वांगे नेतच होतो ना मी." हा पोरगा दहावी नापास. माझ्याच हातून नापास झाला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथे पांढरे कोट घातलेल्या पोरापोरींनी त्याच्या पायातून रक्त काढलं. काढल्या जागी बराच वेळ बोळा दाबून धरावा लागला, थांबेचना. प्लेटलेट १८,००० निघाल्या. निरोगी कुत्र्यात दोन लाखांच्या आसपास किंवा जास्त असतात. औषध साधंच होतं, डॉक्सीसायक्लिनची गोळी. माणसांच्या दुकानातही मिळते. दिवसाला एक, २८ दिवस. "आठ दिवसांत बरा दिसेल, तेव्हा बंद कराल आणि मग पुन्हा घेऊन याल," तिथले डॉक्टर म्हणाले. "आणि गोळी उपाशीपोटी द्यायची नाही. उलटी झाली की गोळी गेली." निघताना एक शिकाऊ मुलगी मागून पळत आली. "सर, याला धक्का लागू देऊ नका. आतल्या आत रक्त वाहू शकतं."

खरी अडचण त्या एका वाक्यात होती. उपाशीपोटी द्यायची नाही. आणि कुत्रं तर खातच नव्हतं.

दूध ठेवलं, भाकर कुस्करून ठेवली, अंडं उकडून ठेवलं. ते नाक वळवायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. तीन दिवस सलाईनवर गेले. गोठ्याच्या खुंटीला, जिथे बाबा बैलाचा कासरा टांगायचे, तिथे बाटली टांगलेली. दोनदा जबरदस्तीने गोळी घशात सारली, दोन्ही वेळा उलटून पडली. चौथ्या दिवशी सकाळी माय गोवऱ्या काढायला म्हणून गोठ्यात गेली ती परत येईना. जाऊन पाहतो तर जमिनीवर बसलेली. ताटलीत पातळ कण्या, त्यात ताक. दोन बोटं त्यात बुडवून ती कुत्र्याच्या ओठावर फिरवत होती. काही बोलत नव्हती. बुडवायची, फिरवायची, थांबायची. अर्धा तास झाला असेल. मग जिभेचं टोक बाहेर आलं आणि बोट चाटून आत गेलं.

"खाय बापा," माय म्हणाली. तेवढंच.

दुपारी मी तसंच करून पाहिलं. तीच ताटली, त्याच कण्या. त्याने तोंड फिरवलं. माझ्या हातात काय कमी होतं? बहुतेक घाई जास्त होती.

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने एका वाटीत २८ चिंचोके मोजून घेतले. रोज कण्या चाटून झाल्या की गुळाच्या खड्यात गोळी, आणि गोळी पोटात राहिली याची खात्री झाली की एक चिंचोका वाटीतून काढून कोनाड्यात. नाव भुऱ्या तिनेच ठेवलं. ठेवलं म्हणजे हाक मारायला काहीतरी लागतं म्हणून मारलं. दुपारी ती त्याच्या अंगावरच्या गोचिडी काढायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. गोचीड बोटाने चिरडायची नाही आणि रॉकेल कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्याकडे ते सर्रास लावतात आणि त्याने कातडी जळते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. गोचीड अंगावरून गळून पडली म्हणजे गेली असं नाही. ती भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. म्हणून मी गोठ्याच्या भेगा लिंपल्या, औषध फवारलं, चुना मारला. बाबा गेल्यानंतर त्या भिंतींना पहिल्यांदा चुना लागला.

याच दिवसांत ते वाक्य माझ्या कानावर आलं.

समोरची काकू नळावर कुणाला तरी सांगत होती. मी ऐकावं म्हणूनच सांगत असावी. "बाप दवाखान्यात पडला होता तवा दोन दिवस नाई राह्यला, अन् आता कुत्र्याले सलाईन लावून राह्यला."

काकूचा राग नुसता जिभेचा नव्हता. आदल्या वर्षी तिच्या नातवाला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला फोडलं होतं. पोरगं इंजेक्शनांच्या तारखा मोजत महिनाभर रडलं, आणि रेबीज झाला की माणूस वाचत नाही हे तिला त्या महिन्यात कळलं. आता त्याच्यासमोरच्या घरात कुणीतरी रस्त्यावरचं कुत्रं आणून ठेवतो, तेही नाकातून रक्त येणारं, म्हटल्यावर तिने काय आरती करायची? मी जाऊन तिला सांगितलं की हा ताप गोचिडीतून होतो, शिवल्याने लागत नाही, आणि बरं झालं की रेबीजची लस टोचून घेतो. तिने ऐकून घेतलं. तिच्या त्या दुसऱ्या वाक्याबद्दल मी काही बोललो नाही, कारण ते खरं होतं.

बाबा २०१४ च्या फेब्रुवारीअखेर अकोल्याच्या एका दवाखान्यात होते. मूत्रपिंडं गेली होती. मी तेव्हा मेहकरला शाळेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहावीची परीक्षा, आणि मी केंद्राचा संचालक. दोन दिवस राहिलो आणि परत गेलो. निघताना बाबांनी, "जा, पेपराचं काम हाय," एवढंच म्हटलं आणि हात हलवला. चौथ्या रात्री गेले. जवळ माय होती, ती जिन्यात चहा आणायला गेली होती. म्हणजे तशी तीही नव्हती. सुट्टी मिळाली असती मला. मी मागितली नाही. परीक्षा माझ्यावाचूनही झाली असती, पुढच्या वर्षी मी आजारी होतो तेव्हा झालीच.

बाबांनीच मला आजाऱ्याजवळ बसायला शिकवलं होतं, म्हणून हे जास्त लागतं. मी सातवीत असताना आमच्या एका बैलाला पावसाळ्याच्या तोंडाला घटसर्प झाला. गळा सुजून दगडासारखा झालेला, घशातून घरघर. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. बाबा रात्रभर गोठ्यात कंदील ठेवून बसले. मी विचारलं, तुम्ही बसून काय करता, औषध तर दिलं. ते म्हणाले, "माणूस कन्हते, आवाज देते. याले कुठी सांगता येते? याच्यापाशी कोणी बसलं नाई त याले कसं समजन का आपुन हाओ म्हणून?" दुसऱ्या रात्री मी त्यांच्याजवळ बसलो. पहाटे बैलाने जीभ काढून त्यांच्या मनगटाचं मीठ चाटलं आणि बाबा मोठ्याने हसले. घटसर्पातून जनावर क्वचितच उठतं. आमचा उठला.

हा प्रसंग मी वर्गात कितीतरी वेळा सांगितला आहे आणि दर वेळी इथेच थांबलो आहे. पुढचं असं की पाच-सहा वर्षांनी त्याच बैलाला बाबांनी बाजारात नेऊन विकलं. तो म्हातारा झाला होता, औताला चालत नव्हता, घरात दोन बहिणींची लग्नं होती. कुणाला विकलं हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच विचारलं नाही. संध्याकाळी बाबा नुसता कासरा हातात घेऊन परत आले, तो खुंटीला टांगला आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. ज्याच्याजवळ रात्री जागल्या त्यालाच विकणारा माणूस ढोंगी म्हणावा का? मला तसं कधी वाटलं नाही. पण मग जागणं खरं आणि विकणंही खरं, हे दोन्ही एका माणसात कसं बसतं, याचं उत्तरही मला कधी आलं नाही. शेतकऱ्याच्या घरात जनावरावरचं प्रेम हे चाऱ्याच्या हिशेबाला बांधलेलं असतं. मला पेन्शन आहे. मला भुऱ्यावर जवळपास चार हजार रुपये खर्च करता आले ते मी बाबांपेक्षा जास्त प्रेमळ म्हणून नव्हे.

गोठ्यात बसून डोक्यात हेच चालायचं. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर हिमालय चढतो ती गोष्ट मी अनेक वर्षं शिकवली. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो चल, पण कुत्रं इथेच सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. मग ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो, आणि मुलं टाळ्या वाजवतात. मात्र त्या पानाच्या आधीचं पान मी नेहमी घाईत उरकायचो. त्याच चढावर आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. तो एकाहीजवळ थांबला नाही. कोण कोणत्या दोषामुळे पडलं ते सांगत, मागे वळून न पाहता चालत राहिला. आणि अडून बसला तो कुत्र्यासाठी. इंद्राने त्याला हेच ऐकवलं आहे, की भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस आणि कुत्र्याला सोडवत नाही? म्हणजे आमच्या काकूचं वाक्य फार जुनं आहे. युधिष्ठिराचं उत्तर असं की ते मेले होते, मेलेल्यांसाठी मला काही करता येण्यासारखं नव्हतं. हे जिवंत आहे आणि माझ्या आश्रयाला आलं आहे. उत्तर बिनतोड आहे. पण माझ्यापुरतं ते चालत नव्हतं. माझे बाबा मी निघालो तेव्हा जिवंत होते, हात हलवत होते.

मग मी दुसरा हिशेब मांडला. बाबांचं जे राहिलं ते मी भुऱ्यात फेडतो आहे. हा विचार मला बरा वाटला. रात्री त्याच्याजवळ बसलो की वाटायचं, चार रात्री होत्या, या घे. एकदा मायला तसं बोलूनही दाखवलं. ती चिंचोका कोनाड्यात ठेवत होती. वळली नाही.

"असं नोको करू बाबू," ती म्हणाली. "त्याच्यापाशी बसते त त्याच्यासाठी बस. बापाले मधात कायले आणते? कुत्र्यानं कायले वागवा दुसऱ्याचं ओझं?"

मी गप्प बसलो. एकाचं कर्ज दुसऱ्याला फेडून फिटत नाही, हे खेड्यातल्या कुठल्याही माणसाला कळतं. मास्तराला सांगावं लागलं. बाबांचं देणं राहिलं ते राहिलंच. भुऱ्या बरा झाला म्हणून ते एका पैशाने कमी होणार नव्हतं, आणि तो मेला असता तर वाढणारही नव्हतं. हे कळल्यावर उलट थोडं हलकं वाटलं, का ते सांगता येत नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याची डावी भुवई पांढरी होती. आठ दिवस जवळ बसत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही टोचत होती, अजूनही टोचते. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कुत्री मेली. लूत लागलेली, हाडं वर आलेली. मी तिच्या बाजूने अकोल्याहून आणलेल्या औषधांची पिशवी घेऊन दोनदा गेलो. याला आणलं आणि तिच्याकडे पाहिलंही नाही, त्याला कारण काय? याने शेपटीचं टोक हलवलं, एवढंच. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने १७८९ सालीच मांडून ठेवलं आहे की प्राण्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्याला दुखतं का एवढं पाहा. त्या मापाने कुत्रीचं दुखणं भुऱ्याच्या दुखण्याएवढंच होतं, कदाचित जास्त. आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबाही तेच सांगत. शेंडगावात जन्मलेला, मूर्तिजापूरकडे मामाच्या घरी ढोरं राखत वाढलेला हा माणूस. भुकेल्याला अन्न, रोग्याला औषध सांगता सांगता त्याच दमात मुक्या जनावरांना अभय द्यायला सांगायचे. माणसांचं आधी आटपू, मग जनावरांचं बघू, अशी दोन खाती त्यांनी केली नाहीत. हे मला सगळं पटतं. पण माप घेऊन निघालेला माणूस कुणाजवळ बसेल असं मला वाटत नाही, तो मोजतच राहील. आणि न मोजणारा माणूस एकाजवळ बसतो आणि दुसरीला ओलांडून जातो. मी दुसऱ्या जातीचा निघालो. त्यात अभिमानाचं काही नाही.

भुऱ्या अकराव्या दिवशी उभा राहिला. मागचे पाय थरथरत होते, दोन पावलं टाकून बसला. मायने ओरडून मला बोलावलं, आणि मी येईपर्यंत तो पुन्हा झोपला होता, त्यामुळे ती माझ्यावरच चिडली. पंधरा दिवसांनी तो ओसरीपर्यंत यायला लागला. ज्याला घरात आणू नको म्हणाली होती त्याच्यासाठी माय आता उंबऱ्याच्या आत जुनी वाकळ टाकायला लागली, आणि मी पाहिलं की म्हणायची, "पाऊस आतमंदी येते गोठ्यात." गोठा चांगला पत्र्याचा आहे. डॉक्टर म्हणाले होते तसं आठ-दहा दिवसांतच तो बरा दिसायला लागला होता आणि मीच एकदा म्हटलं, आता पुरे करू गोळ्या. मायने वाटी पुढे केली. वाटीत चिंचोके शिल्लक होते. तिच्यापुरता विषय संपला.

३० ऑगस्टला पोळा होता. चिंचोके त्याच्या आधीच संपले होते, आणि अकोल्याला पुन्हा रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट १,६०,००० भरल्या होत्या. आखाड्यावर बैल जमले, घुंगरं, बाशिंगं, झडत्या म्हणणाऱ्या पोरांचा गलका. भुऱ्या आमच्या मागे दारापर्यंत आला आणि पहिल्या बैलाच्या घुंगरांचा आवाज ऐकून एकदाच भुंकला. महिन्याभरात त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. फारच जाड निघाला. मग स्वतःच दचकून मायच्या लुगड्यामागे लपला.

गावात म्हणायला लागले, म्हातारीच्या मायेनं कुत्रं उठवलं. मला हे असंच्या असं पटत नाही. मायेने प्लेटलेट वाढत नाहीत. ते काम गोळीने केलं, आणि ज्या कुत्र्यांना गोळी मिळत नाही त्यांच्यावरही कुणीतरी माया करत असेल, ती मरतातच. माया म्हणजे औषध समजून कुणी डॉक्टरकडे जायचं टाळू नये. मात्र गोळी त्याच्या पोटापर्यंत गेली ती मायच्या दोन बोटांवरून गेली, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्धा तास एका जागी बसून राहायचं, त्याला वाटेल तेव्हा तो चाटेल, नाही वाटलं तर उद्या. असं २८ दिवस. हे कुठल्या दुकानात मिळत नाही. जपानात अझाबू विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ साली प्रयोग करून दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आईच्या आणि बाळाच्या बाबतीत होतं तसंच. मी मायला हे समजावून सांगितलं. "दोघायच्याही?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो. "मंग बरं," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

तिचं काय वाढलं ते मला माहीत नाही. बाबा गेल्यापासून ती संध्याकाळी सातलाच दार लावून झोपायची. आता नऊ वाजेपर्यंत ओसरीवर बसायची आणि भुऱ्याला दिवसभराचं सांगायची. त्यात बाबांचंही असायचं, कधी बैलाचं. मला जे कधी सांगितलं नाही ते त्याला सांगायची, आणि मी आत पुस्तक उघडं ठेवून ऐकायचो. बाबा गेले त्या रात्री ती जिन्यात चहा आणायला गेली होती हे मी तसंच ऐकलं. पाच वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

भुऱ्याला लस टोचली, नसबंदी करून घेतली. काकूचा नातू पहिले सहा महिने आमच्या दारावरून पळत जायचा. मग चालत जायला लागला. कुत्र्याला हात त्याने अजून लावलेला नाही आणि मीही आग्रह केला नाही.

२०२१ च्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला अकोल्याला गेलो होतो. पेन्शनचं खातं तिथल्या बँकेत आहे. रांग मोठी होती, दुपारची गाडी चुकली. मायला सकाळी जरा दम लागत होता, पण ती म्हणाली, "जा, तुह्यं काम करून ये." मी गेलो. साडेचारला फोन आला, काकूचा. भुऱ्या कधी नव्हे ते तिच्या दारात येऊन भुंकत होता. ती घाबरून आधी त्याला हाकलायला निघाली, आणि तो आमच्या घराकडे पळून पुन्हा तिच्याकडे यायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती आत गेली तेव्हा माय खाटेवर होती, पाय सरळ केलेले. हात खाटेखाली लोंबत होता. भुऱ्या जाऊन त्या हाताखाली बसला.

मी रात्री आठला पोचलो. ओसरीवर लोक जमले होते. काकू उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं आता ती तेच वाक्य म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

"होतं बरं का ते जवय, भाऊ," ती म्हणाली. "मी पाह्यलं. तिनं हात ठेवला होता त्याच्यावर."